एअर प्युरिफायरच्या खोक्यावरचं "९९.९७ टक्के" कसं वाचायचं: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, ती कळली की निम्मं काम झालं. खोक्यावर तो जो मोठ्ठा ९९.९७ टक्क्यांचा आकडा असतो ना, तो फिल्टरच्या कागदाचा आहे, तुमच्या खोलीचा नाही. जेवढी हवा त्या कागदातून गेली तेवढ्या हवेतले इतके कण अडकले, एवढंच तो सांगतो. खोलीतली किती हवा त्या कागदापर्यंत पोचली ह्याबद्दल तो गप्प असतो, आणि आपण श्वास तर खोलीत घेतो, फिल्टरच्या मागे नाक लावून कोणी बसत नाही.

हा काही माझा शोध नाही. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९८ मध्ये हनीवेल कंपनीच्या प्युरिफायरच्या जाहिरातींवर हाच आक्षेप घेतला होता की हा आकडा फिल्टरमधून गेलेल्या हवेपुरता आहे आणि तुम्ही तो सगळ्या खोलीचा असल्यासारखा दाखवताय, आणि कंपनीने तेव्हा समझोता केला. त्याला इतकी वर्षं झाली तरी खोकी उघडून बघा, अक्षरं तेवढीच मोठी.

तर आता क्रमाने जाऊ. क्रम मोडू नका कारण पुढच्या पायरीला मागचा आकडा लागतो.

पायरी १: आधी खोली मोजा

मशीन बघायच्या आधी टेप घ्या आणि ज्या खोलीत ते ठेवणार तिची लांबी, रुंदी आणि उंची मोजून कागदावर लिहा. उंची सगळेच विसरतात. छत ८ फुटांऐवजी १० फुटांवर असेल तर हवा सरळ पाव पट जास्त, म्हणजे मशीनही तेवढं जास्त लागणार. आणि पूर्ण घराचा हिशोब करू नका, मशीन एका वेळी एकाच खोलीचं काम करतं, बाकीचं बोलणं सोडून द्या.

पायरी २: सीएडीआर शोधा, टक्के विसरा

सीएडीआर म्हणजे मशीन एका मिनिटात किंवा एका तासात किती स्वच्छ हवा खोलीत सोडतं तो आकडा. ह्यात फिल्टर किती पकडतो आणि पंखा किती हवा ओढतो हे दोन्ही आलं. शिवाय धूळ आपोआप खाली बसते त्याचं श्रेय मशीनला देत नाहीत, ते वजा करून मगच आकडा काढतात, म्हणून मला हा एकच आकडा त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो.

समजा दोन मशीन आहेत. पहिल्यात ९९.९७ टक्केवाला फिल्टर, पण पंखा एवढुसा, तासाला ६० घनमीटर हवा ओढतो. दुसऱ्यात फिल्टर फक्त ९० टक्केवाला पण पंखा तासाला ३०० घनमीटर ओढतो. पहिल्याचा सीएडीआर झाला जवळपास ६०, दुसऱ्याचा २७०. खोली कोण साफ करणार हे सांगायला नको, आणि जाहिरात मात्र पहिल्याचीच भारी दिसणार. २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल ह्यांच्या नावाने जो घरगुती डबा प्रसिद्ध झाला, म्हणजे साधा चौकोनी पंखा आणि त्याला टेपने चिकटवलेले मर्व्ह १३ दर्जाचे फिल्टर (मर्व्ह म्हणजे फिल्टरचा दर्जा सांगायची अमेरिकन पट्टी), त्यात हेपा, म्हणजे तो ९९.९७ टक्केवाला फिल्टर, नव्हताच. ०.३ ते १ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांसाठी मर्व्ह १३ ला निम्मे पकडले तरी पास करतात. तरी तो डबा चांगल्या चांगल्या मशीनच्या बरोबरीने खोली साफ करतो, कारण हवा भरपूर फिरवतो आणि तीच हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते.

सीएडीआर बघताना तीन ठिकाणी फसायला होतं. एक, युनिट. कुठे सीएफएम लिहितात, म्हणजे मिनिटाला घनफूट, कुठे तासाला घनमीटर. १ सीएफएम म्हणजे साधारण १.७ घनमीटर तासाला. त्यामुळे एकाचं १३३ आणि दुसऱ्याचं २२६ बघून दुसरं जवळपास दुप्पट दणकट असं वाटतं, प्रत्यक्षात दोन्ही एकच. दोन, अमेरिकन पद्धतीत धूर, धूळ आणि परागकण असे तीन वेगळे आकडे असतात, तुम्ही धुराचा घ्या कारण ते कण सगळ्यात बारीक. जाहिरातीत बहुतेक वेळा तिन्हीतला मोठा पुढे करतात. तीन, सीएडीआर असतो सगळ्यात जोरात चालवल्यावरचा आणि शेजारी आवाजाचा आकडा दिलेला असतो तो सगळ्यात हळू चालवल्यावरचा, हे दोन्ही एका वेळी तुम्हाला कधीच मिळणार नाहीत! झोपायच्या खोलीसाठी घेत असाल तर मधल्या स्पीडचा सीएडीआर किती हे कंपनीला विचारा, आणि नाहीच सांगितला तर गरजेपेक्षा मोठं मशीन घेऊन ते हळू चालवा. मी तरी तेच करतो.

आणि खोक्यावर सीएडीआर कुठेच नसेल तर ते मशीन तिथेच ठेवा.

पायरी ३: "१००० स्क्वेअर फुटांसाठी" म्हणजे काय ते स्वतः काढा

ही माझी सगळ्यात आवडती लबाडी आहे कारण ह्यात खोटं एक अक्षर नसतं. बघा, २०० स्क्वेअर फुटांची खोली, उंची ८ फूट, म्हणजे १६०० घनफूट हवा. खोलीची हवा तासाला साधारण ५ वेळा स्वच्छ व्हावी असं धरलं तर ८००० घनफूट तासाला, ६० ने भागा, १३३ सीएफएम. (अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेचा सोपा नियम आहे की धुराचा सीएडीआर खोलीच्या स्क्वेअर फुटांच्या दोन तृतीयांश तरी हवा, तो पण इथेच येऊन पोचतो.)

आता तेच १३३ वालं मशीन घ्या आणि म्हणा की हवा तासातून एकदाच स्वच्छ झाली तरी चालेल. लगेच ते १००० स्क्वेअर फुटांचं मशीन झालं. पंखा तोच, फिल्टर तोच, खाली बारीक अक्षरात "तासाला एकदा" एवढं लिहिलं की झालं, आणि काही जण तेवढंही लिहीत नाहीत. तासाला एकदा म्हणजे खिडकीतून जरा धूळ आली, कोणी झाडलं, की मशीन मागेच राहणार.

म्हणून खोक्यावरचा एरिया वाचायचाच नाही. पायरी १ चा कागद काढा, खोलीचे घनफूट गुणिले ५ भागिले ६०, जो आकडा येईल तेवढा सीएफएममध्ये सीएडीआर पाहिजे. मीटरमध्ये मोजलं असेल तर आणखी सोपं, घनमीटर गुणिले ५, संपलं.

पायरी ४: हेपा ह्या शब्दाच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते बघा

हेपा हे ब्रँडचं नाव नाही. १९४० च्या दशकात अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायला हे फिल्टर बनले, तिथून ते घरात आले. अमेरिकन व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडकले पाहिजेत. युरोपात वर्गवारी आहे, एच १३ म्हणजे ९९.९५ टक्के, एच १४ म्हणजे ९९.९९५. त्याच्या खाली ई १०, ई ११, ई १२ आहेत, अनुक्रमे ८५, ९५ आणि ९९.५ टक्के, आणि त्यांना त्या नियमात हेपा म्हणतच नाहीत.

आता "हेपा टाईप", "हेपा लाईक", "हेपा स्टाईल", "९९ टक्के हेपा" असं काही दिसलं की समजायचं नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. ह्या शब्दांना कसलीच व्याख्या नाही. "ट्रू हेपा" पण तसाच, तो मार्केटिंगवाल्यांचा शब्द आहे. "मेडिकल ग्रेड" आणि "हॉस्पिटल ग्रेड" वाचून मला तर हसूच येतं, त्याने नेमकी कोणती टेस्ट पास केली ते काहीच कळत नाही.

टक्क्यांच्या शेजारी मायक्रॉन लिहिलाय का तेही बघा. "९९ टक्के धूळ पकडतो" ह्याला काही अर्थ नाही, किती मोठी धूळ? माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, १० मायक्रॉनची धूळ तर साधा फिल्टरसुद्धा बऱ्यापैकी अडवतो.

ह्याच्या उलटीही जाहिरात असते, "आमचा फिल्टर ०.०१ मायक्रॉनपर्यंत पकडतो". नवीन माणसाला वाटतं बापरे हे तर ०.३ पेक्षा कितीतरी पुढचं. गंमत अशी की फिल्टर म्हणजे चाळणी नाही, भोकापेक्षा मोठं अडकलं आणि लहान निसटलं असं तिथे होत नाही. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत, सरळ जाऊन तंतूवर आपटतात. एकदम बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटत जातात आणि कुठल्यातरी तंतूला चिकटतातच. पकडायला सगळ्यात अवघड असतात ते मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. टेस्ट ह्याच मापाच्या आसपास घेतात ती म्हणूनच, परीक्षेत सगळ्यात अवघड गणित घालावं तशी. ०.०१ चे कण प्रत्येक खरा हेपा आपोआपच पकडतो, त्यात कंपनीने वेगळं काही केलेलं नसतं.

एक मात्र सांगतो, ई १२ वाला फिल्टर असेल आणि सीएडीआर दणदणीत असेल तर घरासाठी बिनधास्त घ्या. राग फिल्टरवर नाही, चिकटवलेल्या शब्दावर आहे.

आणि जमलं तर मागचं झाकण उघडून बघा, फिल्टरच्या कडेला फोमची किंवा रबराची पट्टी आहे का, की फिल्टर नुसताच खाचेत हलतोय. हलत असेल तर हवा कडेने निघून जाते, हवा काय, सोपा रस्ता शोधणारच.

पायरी ५: काळी जाळी हातात घेऊन बघा

"अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, वास आणि विषारी गॅस दूर" असं लिहिलेलं असतं. कार्बन खरंच काम करतो पण त्याला वजन लागतं. बऱ्याच मशीनमध्ये असतो तो काळी पूड लावलेला पातळ स्पंज किंवा जाळी, उचलली तर वहीच्या पुठ्ठ्याएवढी. असली जाळी थोडे दिवस वास ओढते, मग भरते, आणि भरल्यावर गरम किंवा दमट दिवशी ओढलेला वास परत सोडायला लागते, तेव्हा मशीनलाच वास येतोय असं लोक म्हणतात ते बरोबरच असतं. वास हाच तुमचा मुख्य त्रास असेल तर कार्बन किती ग्रॅम आहे ते विचारा, शेकड्यात किंवा किलोत उत्तर आलं तर पुढे बोला. फॉर्मल्डिहाइडसाठी (नव्या फर्निचरमधून वगैरे सुटणारा गॅस) तर साधा कार्बन पुरत नाही, त्याला वेगळं केमिकल लावलेलं माध्यम लागतं.

कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड ह्या दोन्हीला घरगुती प्युरिफायरचा काही उपयोग नाही. हे गंमतीने घेऊ नका. बंद खोलीत काही जळत असेल तर प्युरिफायर लावून बसणं जिवावर बेतू शकतं, खिडकी उघडायची.

पायरी ६: आयन, प्लाझ्मा, यूव्ही ह्यांच्या नादी लागू नका

इथे जास्त वेळ घालवत नाही. आयनायझर कणांना चार्ज देतो, मग ते भिंतीला, पडद्याला आणि तुम्हाला चिकटतात, खोलीतच राहतात. काही मशीन ह्या प्रकारात ओझोन तयार करतात, तो फुफ्फुसाला वाईट, आणि "फ्रेश वास" म्हणून जो सांगतात तो कधीकधी हाच असतो, झेरॉक्स मशीनपाशी येतो तसा. कॅलिफोर्नियाने २०१० पासून घरगुती मशीनच्या ओझोनवर ०.०५० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) मर्यादा घातलीय, त्यामुळे मशीनवर तिथला शिक्का असेल तर निदान तेवढी खात्री. आयनचं बटण वेगळं असेल तर बंद ठेवा, विषय संपला.

यूव्ही दिवा जंतू मारतो हे खरं, पण त्याला वेळ लागतो आणि मशीनमधून हवा सेकंदाच्या काही भागात पुढे निघून जाते. त्या छोट्याशा निळ्या दिव्याने फारसं काही होत नाही, दिसतो छान. त्यात "पर्यावरण संस्थेची नोंदणी" म्हणून जो नंबर छापतात, अमेरिकेत तो नंबर फक्त माल कुठल्या कारखान्यात बनला ते सांगतो, मशीन चालतं की नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नाही.

(झाडं लावली की हवा शुद्ध होते हे पण त्यातलंच. १९८९ च्या नासाच्या प्रयोगात झाडं बंद पेटीत होती. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा साध्या हवा खेळण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. झाडं लावा, मला पण आवडतात.)

पायरी ७: चांदणीच्या मागे जा

"९९.९ टक्के व्हायरस नष्ट" आणि शेवटी एक छोटीशी चांदणी. ती चांदणी खोक्याच्या तळाशी शोधा, तिथे खरी माहिती असते. बघायच्या तीन गोष्टी म्हणजे टेस्ट केवढ्या जागेत झाली, किती वेळ चालली आणि फिल्टरची झाली की अख्ख्या मशीनची. कपाटाएवढ्या बंद पेटीत मशीन तासन् तास चालवून ९९.९ आणणं फार काही अवघड नाही, आणि मशीन बंद ठेवलं असतं तर त्याच वेळात किती कमी झाले असते हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याचा अर्थच लागत नाही. कधीकधी तर फिल्टरच्या तुकड्यावर जंतू टाकून ते मेले का एवढंच बघितलेलं असतं, त्यात हवेचा काही संबंधच येत नाही.

पायरी ८: फिल्टर "१२ महिने चालतो" का

इथे माझी फजिती सांगतो. पहिलं मशीन आणलं, हौसेने लावलं, निळा लाइट लागला, सगळ्यांना दाखवलं. काही महिन्यांनी धूळ पुसायला मागचं झाकण काढलं तर फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत! पॅकिंगची पिशवी काढायची असते हे माहितीच नव्हतं, म्हणजे इतके दिवस पंखा नुसता घरघरत होता. पण खरा धडा पुढे आहे. मशीनच्या स्क्रीनवर "फिल्टर लाइफ" चांगली पाव संपलेली दाखवत होती. ज्या फिल्टरला हवेचा स्पर्शही झाला नव्हता त्याचं आयुष्य पाव कसं संपलं? तर तो इंडिकेटर म्हणजे बहुतेक मशीनमध्ये नुसतं घड्याळ असतं, किती तास चालवलं ते मोजतं. फिल्टर काळा पडलाय की कोरा आहे ह्याचा त्याला पत्ता नसतो.

तर, पहिलं काम म्हणजे पिशवी काढा. दुसरं, "१२ महिने" हे दिवसाला किती तास धरून काढलंय ते बारीक अक्षरात वाचा. ८ तास धरले असतील आणि तुम्ही २४ तास चालवणार असाल तर ते ४ महिने झाले. फिल्टर करडा पडला, हवा कमी येतेय असं वाटलं की बदला, लाइटची वाट बघू नका, आणि उलट फिल्टर स्वच्छ असताना लाइट लागला म्हणून घाबरून नवा पण मागवू नका.

"धुता येणारा हेपा" हे वाचलं की सावध. बरेच स्वस्त फिल्टर प्लास्टिकच्या बारीक तंतूंचे असतात आणि त्या तंतूंना विजेचा चार्ज दिलेला असतो, त्याच्या जोरावर ते कण ओढतात. नवीन असताना टेस्ट भारी येते, वापराने चार्ज उतरतो आणि पकड कमी होते, धुण्याने तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. धुवायचा तो बाहेरचा जाळीवाला प्री-फिल्टर, आणि तो मात्र नियमित धुवा.

खोक्यावरचे सगळे आकडे कोऱ्या फिल्टरचे असतात हे पण लक्षात असू द्या. चिनी मानकात सीसीएम म्हणून एक आकडा असतो, सीएडीआर निम्म्यावर येईपर्यंत फिल्टरने किती मिलिग्रॅम कण पोटात घेतले तो. त्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत वरचा वर्ग होता पी ४, म्हणजे १२,००० मिलिग्रॅम किंवा जास्त. कुठे छापलेला दिसला तर फिल्टर किती टिकेल हे त्यावरून महिन्यांपेक्षा बरं कळतं. आणि मशीन घ्यायच्या आधीच बदलीचा फिल्टर मिळतो का आणि केवढ्याला हे बघून ठेवा, मशीन स्वस्त आणि फिल्टर महाग हा धंदा जुना आहे.

पायरी ९: घरी आणल्यावर स्वतः टेस्ट घ्या

मशीनवरच्या पीएम २.५ च्या (हवेतले २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण) आकड्यावर विसंबू नका. सेन्सर मशीनमध्येच असतो, मशीनच्या अंगाशी हवा स्वच्छच असणार, कोपऱ्यातल्या पलंगापाशी काय आहे ते त्याला दिसत नाही. शेजारी अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर (पाण्याचे बारीक थेंब उडवून हवा दमट करणारं यंत्र) लावला तर तो आकडा उगाच उसळतो, हे पण करून बघा एकदा.

एक साधा वेगळा पीएम २.५ मीटर मिळवा, कोणाकडून मागून आणला तरी चालेल. तो मशीनपासून लांब ठेवा. दारं खिडक्या बंद, चारपाच मेणबत्त्या पेटवून विझवा म्हणजे धूर होईल, एक मिनिट साधा पंखा फिरवून धूर सारखा पसरू द्या. आधी मशीन बंद ठेवून आकडा निम्मा व्हायला किती मिनिटं लागतात ते बघा. मग परत धूर करून मशीन लावून तेच.

आता ४२ ला त्या मिनिटांनी भागा (निम्मं व्हायच्या मिनिटांवरून तासाला किती वेळा हवा साफ झाली ते काढायचा हा ठरलेला आकडा). बंद असताना ६० मिनिटं लागली तर ०.७. चालू असताना १० मिनिटं लागली तर ४.२. वजा करा, ३.५. म्हणजे मशीन तासाला साडेतीन वेळा खोलीची हवा स्वच्छ करतंय. खोली ४५ घनमीटरची असेल (आपली ती १६०० घनफुटांची) तर ३.५ गुणिले ४५, जवळपास १५८ घनमीटर तासाला, हा तुमच्या घरातला खरा सीएडीआर. खोक्यावर २२६ लिहिलं होतं आणि मधल्या स्पीडला १५८ आला तर ठीकच आहे. पूर्ण स्पीडला सुद्धा १५८ च आला तर आधी फिल्टर नीट बसलाय का, मशीन भिंतीला चिकटून ठेवलंय का ते बघा, मग पुन्हा एकदा टेस्ट करा.

हे सगळं माल परत करायची मुदत संपायच्या आत करा, आणि खोकं तोपर्यंत फाडू नका.